पाटलीणबाईंची तब्येत

नानाजी भांडेकरांनी पंप खोलला तेव्हा तो उत्तम चालत होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे ऊर्जानगरच्या क्वार्टरांमध्ये या प्रकरणाच्या बऱ्याच आवृत्त्या फिरल्या. कुणी म्हणालं पंपच बोगस होता, कुणी म्हणालं यंदाचा मे महिनाच तसा होता, आणि नानाजींच्या सौभाग्यवती गुणाबाईंनी तर सगळा ठपका नवतपावर, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांवर, ठेवला. पण पंप चालत होता. ना कुरकुर, ना खरखर. काचेच्या पेटीच्या कोपऱ्यात बसून बिचारा आपला पाणी फिरवत होता. नानाजींना नेमकं तेच बघवलं नाही.

त्यात त्यांचा तरी काय दोष? औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनवर ज्याचं उभं आयुष्य गेलं, तो चालत्या यंत्राकडे तुमच्या-आमच्यासारखा बघत नाही. आपण म्हणतो, चालतंय ना, चालू दे. तो म्हणतो, एवढं गुमान चालतंय म्हणजे याचं ओव्हरहॉल राहून गेलेलं दिसतं. नानाजींच्या घरातला मिक्सर, कूलर, शिलाई मशीन आणि एकदा शेजारच्या प्रफुल सातपुत्यांची स्कूटर, अशा सगळ्यांचं ओव्हरहॉल त्यांच्या हातून झालेलं होतं. प्रत्येक वेळी शेवटी वर्तमानपत्रावर एखादा नट किंवा वायसर उरायचा. नानाजी तो शांतपणे खिशात टाकत आणि सांगत, "कंपनीवाले एक-दोन जास्तीचे टाकूनच देते."

पेटी त्यांच्या लेकीची, दिव्यानीची. चंद्रपूरहून कोणत्याही दिशेला निघालात तरी समुद्र काही लवकर भेटत नाही, आणि या पोरीला नाद लागला तो समुद्रातल्या माशांचा. वैनगंगेतल्या मासोळ्यांचा लागला असता तर घरात कुणाची हरकत नव्हती. निदान रस्सा तरी झाला असता. पण हिनं वेगळं मीठ मागवून, मोजून-मापून, हॉलमध्ये टीव्हीशेजारी स्वतःचा वेगळा समुद्र तयार केला. त्यात दगड मांडले, दिवा बसवला, पंप बसवला, आणि दोन मासे सोडले. नारंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. मोठी होती ती मादी. ती पेटीभर अशी मिरवायची की गुणाबाईंनी तिचं नाव पाटलीणबाई ठेवलं. धाकटा नर सतत तिच्या मागे मागे, म्हणून तो कोतवाल.

मग दिव्यानीला विशाखापट्टणमच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. पेटीचं काय करायचं, यावर घरात बैठक झाली. नागपूरची एक मैत्रीण मासे घ्यायला तयार होती. तिच्याकडे अशाच पेट्या होत्या, तिला सगळं कळत होतं. नातेवाईकांनीही तोच सल्ला दिला. पण दिव्यानीनं सगळ्यांदेखत सांगितलं, "नाई, इथीच राहू द्या. बाबा पाहतीन."

गुणवंत कामगार म्हणून नानाजींचा एकदा जाहीर सत्कार झाला होता. शाल होती, श्रीफळ होतं, फोटोही होता. पण "बाबा पाहतीन" या दोन शब्दांनी त्यांची छाती जेवढी फुगली तेवढी त्या शालीनं फुगली नव्हती. पोरीनं भरवशानं दोन जीव सोपवले आहेत आणि ती येईल तेव्हा ते दोन्ही जसेच्या तसे तिच्या हवाली करायचे, एवढीच एक गोष्ट त्यांनी मनाशी धरली. खरं सांगायचं तर, ती त्यांनी जरा जास्तच घट्ट धरली.

तर नानाजींनी पंप खोलला. जुन्या टूथब्रशनं घासला, पुसला, आतल्या दांडीला नावापुरतं ग्रीस लावलं आणि परत जोडला. पंप चालू झाला. वर्तमानपत्रावर एक रबराची चकती उरली, ती नेहमीप्रमाणे खिशात गेली. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको चामोर्शीला एका लग्नाला गेले. तिथं मांडवात बसून नानाजींनी आजूबाजूच्या मंडळींना खाऱ्या पाण्याच्या माशांची निगा कशी राखावी यावर व्याख्यानही दिलं. मट्ठ्याचा ग्लास हातात घेऊन ते म्हणाले, "मेंटेनन्स जी, सारा मेंटेनन्सचा खेळ आहे."

संध्याकाळी कुलूप काढलं तर घर तापलेलं आणि हॉल गप्प. पंप कधी बंद पडला कुणास ठाऊक. पाणी कोमट झालं होतं, त्यावर कुठेकुठे तेलकट चकाकी दिसत होती, आणि पाटलीणबाई पार वर येऊन तोंड उघडून-मिटून हवा ओढत होत्या. कोतवाल एका बाजूला कलला होता. नानाजींचा हात आपोआप खिशात गेला आणि त्या रबरी चकतीला लागला. त्या क्षणी त्यांना जे वाटलं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन लागला तेव्हा दिव्यानी बंदरावर होती. समुद्रातलं पाणी आणि मासे तपासायला तिची तुकडी बोटीनं निघाली होती.

"बाबा, ऐका. घाबरू नका. हवेचा छोटा पंप आणा, बॅटरीवर चालते तो, दुकानात भेटन. नवीन मोठा पंप मी आत्ताच मागवते. दिवा लावू नका. खायले देऊ नका, कणभरही नाई. मीठ घातलेलं पाणी ड्रममध्ये तयार आहे, त्यातलं रोज थोडंसंच बदला. पेटीवर कपडा टाका आन् कोनाले जवळ जाऊ देऊ नका. त्यायले फक्त आराम पायजे."

"हो. आन् मी काय करू?"

"काहीच करू नका."

"काहीच म्हंजे?"

"बाबा, काहीच म्हंजे काहीच. मी आता बोटीवर चालली, तिथी रेंज नाई. आली का सरळ घरीच येते."

बोट गेली आणि नानाजी ती आज्ञा घेऊन उभे राहिले. वीज केंद्रात एखादं युनिट ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, की जो तो धावतो. कुणी वॉल्व्हकडे, कुणी पॅनेलकडे, कुणी फोनकडे. ज्याला धावायला जागा नाही तो निदान जोरजोरात ओरडतो. अशा वेळी खिशात हात घालून उभा राहिलेला माणूस तिथं आयुष्यातून उठतो. आणि पोरगी म्हणते, काहीच करू नका.

जटपुरा गेटजवळच्या एका दुकानातून नानाजींनी हवेचा पंप आणला. तो टर्रर्र करत बुडबुडे सोडू लागला. मासे थोडे खाली आले. नानाजींनी पेटीवर गुणाबाईंची जुनी नऊवारी टाकली, दिवा बंद केला आणि खुर्चीत बसले. इथपर्यंत सगळं पोरीनं सांगितल्याप्रमाणे झालं. मग दारावर टकटक झाली.

आता आपल्याकडची एक रीत सांगायला हवी. घरात कुणी आजारी असलं की माणसं भेटायला येतात, आणि भेटायला येतात म्हणजे रोग्याचं तोंड बघायला येतात. नानाजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा अख्खी कॉलनी दवाखान्यात लोटली होती. नानाजींना धड डोळा लागू दिला नव्हता, पण त्या भेटींचं ओझं तर राहिलंच ना. आज त्याच माणसांना दारातून परत कसं पाठवायचं? "माशाले आराम पायजे" असं सांगून सातपुत्यांना परत पाठवलं असतं, तर कॉलनीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

प्रफुल सातपुते पहिले आले. ते बॉयलरवर, दुसऱ्या पाळीला. हातात अर्धा डझन केळी.

"नानाजीभाऊ, आयकलं ते खरं काय?"

"खरं आहे जी."

"अरे राम. तोंड तं दाखवा."

नऊवारी वर झाली, दिवा लागला, सातपुत्यांनी काचेला नाक लावलं आणि बोटानं टकटक केली. "काय पाटलीणबाई, कसं वाटते आता?" पाटलीणबाई दचकून दगडाआड गेल्या. "हुशार आहे," सातपुते समाधानानं म्हणाले. "ओळखलं तिनं मले."

त्यांच्यानंतर वरच्या मजल्यावरचे कोलू मडावी आले. ते कोळशाच्या पट्ट्यावर, रात्रपाळीला. मूळचे धानोऱ्याकडचे, आणि माणूस मोठा तिरकस. त्यांनी बराच वेळ पेटी न्याहाळली आणि विचारलं, "नानाजीभाऊ, खरं सांगा. तब्येत पाहाले बोलावलं का जेवाले?" गुणाबाईंनी डोळे वटारले तेव्हा ते गंभीर झाले, आणि मग मात्र कॉलनीत त्यांच्याइतकी काळजी कुणी केली नाही. पुढे भोगावं लागलं ते याच काळजीचं फळ.

मग बायका आल्या, मग भजनी मंडळ आलं. प्रत्येक वेळी नऊवारी वर, दिवा चालू, काचेवर टकटक. कुणी सांगितलं हळद टाका. कुणी सांगितलं पाण्यात जरा बर्फ सोडा, कूलरची हवा पेटीकडे वळवा, दृष्ट काढा. नानाजी प्रत्येकाला "हो, करतो" म्हणत होते. करत काहीच नव्हते, पण प्रत्येक सल्ल्यागणिक त्यांचे हात जास्त शिवशिवत होते.

नवा पंप चंद्रपुरात येऊन पोचल्याचा संदेश आला. नानाजी मोटारसायकलवरून कुरिअरच्या ऑफिसात गेले. खिडकीमागच्या तरुणानं मान वर न करता विचारलं, "ओटीपी?"

"तो पोरीच्या फोनवर गेला असन."

"मंग पोरीले विचारा."

"पोरगी बोटीत आहे. समुद्रात."

तरुणानं पहिल्यांदा मान वर केली. चंद्रपुरात हे कारण त्यानं आधी ऐकलेलं नव्हतं. "मंग बोट आली का या."

"मी तिचा बाप हाव जी."

त्यानं संगणकाचा पडदा नानाजींकडे वळवला. "हे पाहा काका. इथी ओटीपीचा रकाना आहे. बापाचा नाई."

मागच्या फळीवर खोकं दिसत होतं. त्यावर पंपाचं चित्रही होतं, तळहातावर मावेल एवढ्या पंपाचं. ज्या माणसाच्या एका सहीवर अख्खं टर्बाइन थांबतं आणि चालू होतं, तो भर उन्हात एका खिडकीसमोर उभा राहून स्वतःच्या लेकीचा पंप मागत होता आणि त्याला तो मिळत नव्हता. नानाजींनी आधार कार्ड दाखवलं, वीज केंद्राचं ओळखपत्र दाखवलं, शेवटी फोनमधला आजारी माशाचा फोटोही दाखवला. तरुण हळहळला, पण त्याच्या पडद्याला हळहळता येत नव्हतं.

ते घरी परतले तर हॉलमध्ये गुणाबाईंची थोरली बहीण रुखमाबाई बसलेली. चामोर्शीच्या लग्नातून ती थेट मार्कंड्याला गेली होती आणि तिथून देवाच्या दर्शनासोबत वैनगंगेच्या पाण्याची बाटली घेऊन आली होती. बाटली रिकामी होती.

"जवाई, काळजी करू नका," रुखमाबाई म्हणाली. "मार्कंड ऋषीनं यमाले वापस पाठवलं तिथचं पाणी आहे. टाकलं म्या पेटीत."

नानाजींनी गुणाबाईंकडे बघितलं. गुणाबाई छताकडे बघत होत्या. मोठ्या बहिणीला आणि तीर्थाला एकाच वेळी नाही म्हणणं त्यांच्यानं झालं नसावं. नानाजींनी "बरं केलं बाई" म्हटलं आणि आत जाऊन पाणी प्यायले.

तेवढ्यात हवेच्या पंपानं मान टाकली. सेल संपले होते. नवे घातले तरी पंप अर्ध्या जिवानं चालू लागला, तेव्हा सातपुत्यांनी तोडगा काढला. मग्यानं पेटीतलंच पाणी उचलायचं आणि उंचावरून हळूहळू परत पेटीत सोडायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. आळीपाळीनं सगळ्यांनी करायचं. "पाळ्या लावू जी," ते म्हणाले. "आपण वीज काढतो चोवीस तास, पाणी नाई सोडू शकत काय?"

आणि पाळ्या लागल्या. सकाळी नानाजींच्या घरची मंडळी, मग कॉलनीतले जे ज्या वेळी मोकळे असतील ते, प्लान्टमध्ये लागतात तशा. पाळी बदलताना आधीचा माणूस पुढच्याला कारभार सांगून जायचा. मग्याच्या धारेचा आवाज कॉलनीत घुमू लागला. हात दुखत होते, पण कुणी तक्रार केली नाही. आणि खरंच, पाटलीणबाईंचा श्वास मंदावला. त्या वरून खाली आल्या, दगडाला एक चक्कर मारली, आणि मागून कोतवालही निघाला, थोडा वाकडा, पण निघाला. नानाजींनी ते बघितलं आणि टॉवेलनं तोंड पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले.

ही गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं.

पाळीत काम केलेल्या माणसाला एक खोड असते. आधीच्या पाळीनं केलेल्या कामावर त्याचा विश्वास नसतो. आधीचा माणूस काहीतरी आपल्या गळ्यात घालून गेला आहे, अशी त्याची पक्की समजूत असते, म्हणून कारभार हातात घेतला की तो पहिल्यांदा ते काम स्वतः एकदा करून टाकतो. नानाजींनी पहिल्या पाळीला बजावलं होतं, "खाणं बंद आहे." पहिल्या पाळीनं दुसरीला सांगितलं, "काही देल्लं नाई आहे." दुसरीनं तिसरीला सांगितलं, "कालपासून पोटात काही नाई बिचारीच्या." आणि हा कारभार फिरत फिरत परत घरी आला तोवर त्याचं रूप असं झालं होतं की, अंथरुणाला खिळलेल्या माहेरवाशिणीला या घरात कुणी अन्नाला विचारलेलं नाही.

आणि आपल्या लोकांना सगळं बघवतं, दारचं उपाशी बघवत नाही.

उद्या दिव्यानी येणार होती. बोट किनाऱ्याला लागली होती, तिचा फोन येऊन गेला होता. ओटीपीही मिळाला होता, पंप उद्या सकाळी आणायचा होता. नानाजी पेटीसमोर एकटेच उभे होते. पाटलीणबाई जरा उतरल्यासारख्या वाटत होत्या, रंग फिका झालेला. पोरगी बघेल तेव्हा ही जरा टवटवीत दिसली पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. खाण्याची डबी शेजारीच होती. त्यांनी चिमटीत थोडंसं घेतलं आणि बोट पाण्याजवळ नेलं.

पाटलीणबाई वर आल्या. हळूहळू, पण सरळ त्यांच्या बोटापाशी. आणि खाल्लं. त्यांच्या बोटावरून खाल्लं. नानाजी या पेटीचे इतके महिने राखणदार होते, पण हे असं कधी झालं नव्हतं. बोटावरून ती फक्त दिव्यानीच्याच खायची; नानाजींनी वरून टाकलेलं दुरूनच टिपायची. नानाजींना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी एक चिमूट दिली.

सकाळी पाणी दुधासारखं झालं होतं आणि त्याला वास येत होता. पाटलीणबाई तळाच्या वाळूवर पडल्या होत्या. कोतवाल दगडाच्या फटीत शिरून बसला होता, दिसत होतं ते फक्त शेपूट.

वीज केंद्रात युनिट बंद पडलं की चौकशी होते. इथंही झाली. नानाजी अध्यक्ष. सातपुते म्हणाले, "म्या तं जरासंच देल्लं जी." मडावी म्हणाले, "मी पण जरासंच. तिच्या तोंडाकडे पाहवेना." गुणाबाई म्हणाल्या, "जरासंच, अहो, चिमटीभर." रुखमाबाई म्हणाली, जरासा प्रसादाचा शिरा टाकला, देवाचा होता. भजनी मंडळाच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांनीही सगळ्यांनी जरासंच दिलं होतं. सगळ्यांचं जरासं मिळून त्या पाण्याचं काय झालं, ते पेटीत दिसत होतं. अध्यक्षांनी स्वतःच्या दोन चिमट्यांचा उल्लेख केला नाही. चौकशीचा निष्कर्ष निघाला नाही. आपल्याकडच्या चौकशांचा निघतही नाही, पण इथं निदान सगळ्यांच्या माना खाली होत्या.

पाटलीणबाईंना गुणाबाईंनी मागच्या सीताफळाच्या झाडाखाली ठेवलं. खड्डा मडावींनी खोदला. एवढ्याशा जिवासाठी त्यांनी तो गरजेपेक्षा बराच खोल खोदला.

दिव्यानी आली तेव्हा नानाजी उन्हातच फाटकाशी उभे होते. त्यांनी बोलायची तयारी केली होती. पंप आपणच खोलला, हे तर फोनवर तिला सांगितलंच होतं. बाकीचं आता सांगायचं, ती बोलेल ते ऐकून घ्यायचं, मग आपण काय म्हणायचं, सगळं ठरलं होतं. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं.

"कोन गेलं?"

"पाटलीण."

तिनं बॅग ठेवली, हात धुतले आणि पेटीपाशी गेली. नवा पंप बसवला, ड्रममधलं पाणी हळूहळू बदललं, दिव्याची वायर काढून ठेवली आणि नऊवारी नीट टाकली. मग खाली बसली आणि काहीच केलं नाही. नानाजी तिच्याशेजारी बसले.

संध्याकाळी कॉलनीतली माणसं आली. आपल्याकडे घरात काही वाईट झालं की शेजारच्या घरून जेवण येतं. सातपुत्यांकडून पिठलं-भाकर आली, वरून मडावींकडून भात आला. या वेळी कुणी दिवा लावला नाही. कुणी काचेला हात लावला नाही. चपला बाहेर काढून सगळे हॉलमध्ये भिंतीला टेकून बसले आणि कुणी कुणाशी बोललं नाही. पंपाची बारीक गुणगुण तेवढी ऐकू येत होती. अंधार होता, आणि इतके जण असूनही कुणाची चाहूल लागत नव्हती. पाटलीणबाईंना एवढंच हवं होतं. हे सगळ्यांच्या मनात आलं असावं, कारण सगळ्यांनी मान खाली घातली आणि मडावी उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

माणसं गेल्यावर नानाजींनी राहिलेलं सांगितलं. "दिवू, शेवटी मीबी देल्लं तिले. माझ्या बोटावरून खाल्लं तिनं."

दिव्यानी चमकली. "तुमच्या बोटावरून?"

"हो."

"बाबा, माझ्या हातून खायले तिले वर्ष लागलं होतं." ती जराशी हसली, आणि मग हसू गेलं. "लय भरवसा ठेवला तिनं तुमच्यावर."

ती रागावेल म्हणून नानाजींनी जी उत्तरं तयार केली होती त्यातलं एकही इथं उपयोगी पडत नव्हतं.

दिव्यानीची रजा थोडीच होती. निघायच्या दिवशी तिनं थर्माकोलचा डबा मागवला, जाड पिशवीत पाणी भरलं आणि कोतवालाला अलगद त्यात घेतलं. तो आता सरळ पोहत होता, पण सारखा मागे वळून बघत होता.

"याले नेतेस?" नानाजींनी विचारलं.

"हो बाबा. तिथी समुद्राचंच पाणी आहे. आन् बाकीचे आहेत, एकटा नाई राहणार."

"इथी राह्यला असता तं... पंप आता चांगला आहे. मी हात नसता लावला."

"माहीत आहे मले. तुम्ही लय केलं बाबा." तिनं हे अगदी मायेनं म्हटलं. रागानं म्हटलं असतं तर नानाजींना सोपं गेलं असतं.

बल्लारशाच्या स्टेशनवर गाडी आली. नानाजींनी डबा स्वतःच्या हातांनी उचलून नेला, हलू न देता, पायऱ्यांवर श्वाससुद्धा रोखून. तिच्या सीटवर तो ठेवला, बाजूला ओढणी खोचली, वर ऊन येतंय का ते बघितलं, आणि हात तिथंच ठेवून उभे राहिले. बाहेर गुणाबाई हाका मारत होत्या. गाडीनं शिट्टी दिली.

"बाबा," दिव्यानी हळूच म्हणाली, "हात काढा आता."

नानाजींनी हात काढला आणि गाडीतून उतरले.